वरचं दूध

गोठ्यातल्या साहेबांना पाय चार होते, तरी उभं राहायला त्यांना भिंत लागायची. एक पाय बोटभर तोकडा राहिला होता. कातडंवाल्याला तसं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "त्याला कुठं चालायचंय," आणि तो मुद्दा तिथंच संपला.

त्याचं असं झालं. तांबडी गाय व्याली, वासरू थोड्याच दिवसांत गेलं आणि तांबडीनं दूध चोरायला सुरुवात केली. कासेला हात लावला की अंग आखडायची, मान वळवून वासरू शोधायची, आणि बादलीत चार थेंब टाकून लाथ मारायची. मग मालकानं त्याच वासराचं कातडं वाळवून त्यात पेंढा भरवून घेतला, डोळ्यांच्या जागी आपल्या जुन्या कोटाची दोन काळी बटणं शिवली आणि ते तांबडीच्या तोंडापुढे उभं केलं. वर चिमूटभर मीठ चोळलं. तांबडी चाटायला लागली, तिचे डोळे अर्धे मिटले, आणि बादली भरली. ते वासरू स्वतः काडीचं काम करत नसे, पण ते समोर येऊन उभं राहिल्याशिवाय कुणाचंच काम पुढं सरकत नसे. म्हणून गोठ्यात सगळे त्याला साहेब म्हणायचे.

साहेबांना उचलून न्यायचं, मीठ चोळायचं, धार झाली की परत खुंटीखाली आणून टेकवायचं, हे काम धारवालीचं होतं. तिचा हात हलका होता. एरवी कुणाला जवळ उभं न करणाऱ्या गाई तिच्यापुढं गरीब व्हायच्या. मालकाचा तो जुना कोटही तिलाच मिळाला होता. वरची दोन बटणं साहेबांच्या डोळ्यांना गेल्यामुळं छातीपाशी वारा लागायचा, पण फुकटच्या कोटाबद्दल काय बोलणार. उलट कधीकधी साहेब तिच्याकडे असे बघायचे, की जणू कोट त्यांनी ओळखलाय.

धारवालीला घरी अंगावर पिणारं पोर होतं. गुंडू. दात यायच्या बेतात होता. त्याच्यासाठी तिनं कामावर परत येतानाच मालकाला सांगितलं होतं, दुपारी घरी जाऊन पाजून येईन. मालक गव्हाणीच्या कठड्यावर बसून पाय हलवत होता. त्यानं बराच विचार केल्यासारखं केलं.

"पोर अंगावर पितंय तोवर जा," तो म्हणाला. "सुटलं की सुटलं. मग दुपारसुद्धा माझी."

"तो सोडेपर्यंत मी सोडवणार नाही," ती म्हणाली.

"ते तुझं तू बघ. मला सुटलं की कळव."

शेण काढणारी मावशी मागं खराटा चालवत होती. मालक गेल्यावर म्हणाली, "बघ पोरी, आजवर या गोठ्यात कुणी किती दिवस प्यायचं हे मालकच ठरवत आलाय. तुझं वासरू पहिलंच."

तिला पाजायचंच होतं, त्यालाही कारण होतं. घरात आई एकच होती. नवरा आपल्या आईला आई म्हणायचा, म्हणून सूनही आई म्हणायची, म्हणून थोरली मुलगी चिमणीही आजीला आईच म्हणायची. आणि सासू सुनेला सूनबाई म्हणायची, म्हणून चिमणी आपल्या जन्मदात्रीला सूनबाई म्हणायची. "सूनबाई, माझी वेणी घाल." "सूनबाई, मला शीला जायचंय." पाहुण्यांना त्याची फार मजा वाटायची. ते मुद्दाम पुन्हापुन्हा म्हणवून घ्यायचे. धारवालीही हसायची. चिमणीच्या वेळी ती बाळंतपणाच्या ओल्या अंगानंच कामावर गेली होती, दुपारी घरी यायची सोय नव्हती, आणि चिमणी आजीच्या हातच्या वरच्या दुधावर वाढली. चांगली धडधाकट वाढली, त्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती. फक्त आई म्हणायची तेवढी राहून गेली.

गुंडूच्या वेळी तसं होऊ द्यायचं नाही, एवढंच तिनं ठरवलं होतं. तो आपणहून तोंड फिरवेपर्यंत त्याला पाजायचं. त्याला पहिला शब्द फुटेल तेव्हा त्यानं कुणाकडे बघून काय म्हणायचं, यात काही घोटाळा राहायला नको.

सासूनंही त्यात साथ दिली होती. पहिल्याच दिवशी ती गोठ्यातून आली, तशी सासूनं तिला दारात अडवलं होतं.

"तो कोट बाहेर टांग. शेणाचा वास घेऊन पोराजवळ जातेस होय. आणि ही तुझी शाल घरीच ठेवत जा. आलीस की हातपाय धू, शाल गुंडाळ आणि मग घे त्याला. शालीला तुझा वास राहील, पोराला बरं वाटेल."

जुनी निळी लोकरी शाल होती, एका टोकाला निखारा पडून भोक पडलेली. धारवालीला भरून आलं होतं. चिमणीच्या वेळी सासूला असं काही सुचलं नव्हतं, माणूस वयानं मऊ होतं, असं तिनं मावशीलाही सांगितलं. मावशीनं खराटा थांबवला, तिच्याकडं पाहिलं, आणि परत चालवला.

तर असं काही दिवस बरं चाललं. पहाटेची धार व्हायची, क्यान भरायचे, नवरा ते गाडीत घालून डेअरीवर न्यायचा. गाडी मालकाची, क्यान मालकाचे, आवाज मात्र नवऱ्याचा. लांबूनच हॉर्न वाजवत यायचा. लोक त्याला क्यानवाला म्हणायचे. मग गव्हाणी साफ करायच्या, वैरण टाकायची, बादल्या घासायच्या. उन्हं डोक्यावर आली की तिची छाती आपोआप जड व्हायची. घड्याळ लागायचं नाही. ती कोट सावरत घराकडे चालू लागायची. गुंडू तिच्या शालीत शिरायचा, एका हातानं शालीच्या भोकात बोट अडकवायचा आणि नाकानं फुसफुस करत प्यायचा. त्या वेळात तिला जगातलं काहीही सांगितलं असतं तरी तिनं हो म्हटलं असतं.

मग थंडी पडली.

कुरणातलं गवत करपलं. सकाळी गाईंच्या पाठीवर दहिवर असायचं आणि बादलीची कडी हाताला चिकटायची. गाई आखडल्या. बादल्या अर्ध्या भरू लागल्या. डेअरीला मात्र दूध तेवढंच हवं होतं. मालकानं गव्हाणीवर बसून पुन्हा विचार केला आणि दोनाऐवजी तीनदा धार काढायची असं ठरवलं. तिसरी धार दुपारची.

"गाईंना विचारलंत का?" मावशीनं विचारलं.

"गाईंचं सोड. हिचं विचार," मालक म्हणाला. मग सगळ्यांसमोर, क्यान उचलणाऱ्या नवऱ्यासमोरसुद्धा, धारवालीला म्हणाला, "काय बाई, पितंय का अजून? का आटलं?"

शेजारच्या ठाणातल्या भाकड गाईबद्दल त्यानं सकाळी याच आवाजात विचारलं होतं. धारवाली क्यानच्या झाकणाकडे बघत म्हणाली, "पितंय."

"बघ हां. दुपारी तू नसलीस तर मला दुसरी बाई बघावी लागेल. आणि बाई येईल ती नवऱ्यासकट येईल. मग गाडीवर दोघं कशाला?"

नवऱ्यानं क्यान उचलला, परत खाली ठेवला, परत उचलला. वाटेत तिनं विचारलं, "काही बोलला का नाहीत?" तर म्हणाला, "हातात क्यान होता."

त्याच सुमाराला गुंडूनं कुरकुर सुरू केली. आधी प्यायचा कमी झाला. दोन घोट घ्यायचा आणि मान मागं टाकून रडायचा, जणू नळाला धार बारीक येते म्हणून चिडलाय. मग दुपारी तोंडच फिरवायला लागला. त्यात आणखी एक विचित्र गोष्ट व्हायची. तो शालीत शिरून कसाबसा ओढू लागला, आणि ती "माझा राजा गं तो" असं काही म्हणाली, की तो दचकून सोडून द्यायचा. वर बघायचा. तिचा चेहरा नीट निरखायचा आणि चुकीच्या पत्त्यावर आल्यासारखा रडायला लागायचा.

"त्याला झालंय काय?" ती रडकुंडीला येऊन विचारायची.

"थंडी," सासू म्हणायची. "थंडीनं आटतं गं. मला तर तुझ्या नवऱ्याच्या वेळी कधी आलं आणि कधी गेलं तेच कळलं नाही. तू उगाच जीव खाऊ नकोस." आणि बडीशेप उकळलेल्या पाण्याचा पेला पुढं करायची. "पी. यानं वाढतं."

ती प्यायची. पेलेच्या पेले प्यायची. रात्री तिला बडीशेपेचे ढेकर यायचे, पण दूध गोठ्यात यायचं, भलत्याच वेळी. कोटाच्या उघड्या गळ्यातून वारा शिरून ओला सदरा गार पडायचा. गाठी धरल्या. एकदा ताप भरला. मग ती तांबडीमागं आडोशाला बसून आपल्याच हातानं पिळून काढायला लागली. खाली शेणाची मोरी होती, त्यात जायचं. गोठ्यात दुधाच्या थेंबाथेंबाला भाव होता, पण या दुधाला नाही.

मावशीनं पाहिलं आणि गरम फडकं आणून दिलं. "नर्सबाई काय म्हणते?"

"म्हणते, पोर ओढेल तेवढं येतं. ओढू द्या."

"मग?"

"ओढतच नाही ना."

"भुकेलं पोर ओढत नाही, असं कसं होईल?" मावशी म्हणाली. "पोट भरलंय त्याचं कशानं तरी."

"कशानं भरणार? घरी काय आहे?"

मावशीनं साहेबांकडे पाहिलं, मग तांबडीकडे. "मला काय माहीत," ती म्हणाली आणि शेणाची पाटी उचलून गेली. धारवालीला तिचा राग आला. स्वतःला पोर नाही आणि सल्ले देते. दोष आपल्यातच आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. इतक्या गाईंना आपण पान्हा सोडायला लावतो आणि स्वतःला लावता येत नाही, असा तिचा हिशेब होता.

आणि मग एका सकाळी साहेब फुटले.

धार ऐन भरात होती. तांबडी नेहमीसारखी साहेबांचं पोट चाटत होती. मिठासाठी एकाच जागी चाटून चाटून तिनं पोटाची शिवण सैल केली होती, ती त्या दिवशी टराटरा उसवली आणि आतून पेंढा बाहेर आला. धारवालीचे हात थांबले. आता हिला कळेल, आता ही हंबरेल, दावं तोडेल, असं तिला वाटलं. तांबडीनं पेंढा हुंगला. थोडा ओढून बघितला. मग आपल्या वासराच्या पोटातला पेंढा ती सावकाश, चवीनं खाऊ लागली. आणि खाता खाता पान्हा सोडला. त्या दिवशी बादली काठोकाठ भरली.

"ही बाई शहाणी," मालक तांबडीवर खूश होऊन म्हणाला. "पण साहेब रिकामे झाले तर संध्याकाळी काय दाखवायचं? दाभण आहे का कुणाकडे?"

"माझ्या घरी आहे," धारवाली म्हणाली.

"मग पळ. दुपारच्या आत शिवून झालं पाहिजे."

अशी ती त्या दिवशी तिच्या रोजच्या वेळेच्या बरीच आधी घरी निघाली. अजून छातीही जड झाली नव्हती. घराच्या मागच्या अंगाला गाडी उभी होती. डेअरीवर असायला हवी ती गाडी इथं कशी, असं तिला वाटलं, पण नवऱ्याचं पोट बिघडलं असेल म्हणून ती पुढं गेली. उंबऱ्यावर चिमणी बसली होती. तिनं दोन्ही हात पसरून दार अडवलं.

"सूनबाई, तू आत्ता यायची नसतेस."

"दाभण न्यायला आले."

"मग इथं थांब. मी आणते. आईनं सांगितलंय, कुणाला आत सोडायचं नाही."

"मला पण नाही?"

चिमणीनं विचार केला. "तुलाच," ती म्हणाली.

धारवाली तिच्या हाताखालून वाकून आत गेली.

खोलीत चुलीची ऊब होती. पाटावर, भिंतीकडं तोंड करून, निळी शाल डोक्यावरून घेतलेली एक बाई बसली होती. क्षणभर धारवालीला वाटलं, आपण आधीच घरी आलोय आणि पाजायला बसलोय. शालीच्या भोकात एक इवलंसं बोट अडकलेलं होतं. आतून नाकातल्या नाकात हुं-हुं असा सूर येत होता. आणि फुसफुस. तीच. मनापासून पिणाऱ्या पोराची. नवरा शेजारी उकिडवा बसून दुसरी बाटली पाण्यात बुडवून कोमट करत होता, मनगटावर थेंब टाकून बघत होता. गोठ्यात इतकी वर्षं काढली, पण कुठल्या कामात इतकी काळजी घेताना तिनं त्याला पाहिलं नव्हतं.

तिच्या तोंडून जे पहिलं निघालं ते असं, "दाभण कुठंय?"

शाल थांबली. हुं-हुं थांबलं. फुसफुस चालू राहिली.

"कोनाड्यात," नवरा म्हणाला.

कुणीच उठलं नाही. मग तीच कोनाड्यापाशी गेली, दाभण घेतलं, सुतळीची गुंडी घेतली, आणि ती हातात धरून परत येऊन उभी राहिली.

"हे कधीपासून?"

"थंडी पडली तसं," नवरा म्हणाला.

"थंडीच्या आधीपासून," सासू शालीतून म्हणाली. तिला खोटं खपत नसे. "पोर रडतं सूनबाई. दुपारी तू येतेस, पण दुपारच्या आधी पण दिवस असतो. तू नसतेस ऐकायला. मी असते."

"मला सांगायचं."

"काय सांगायचं? तू काम सोडणार होतीस? मालक याला गाडीवरून उतरवायला निघालाय. एक पोर अंगावर पितं म्हणून सगळ्या घरानं हवा प्यायची?"

"आणि ती बडीशेप?"

"ती खरी होती," सासू दुखावून म्हणाली. "तुझ्या अंगाला चांगली असते."

धारवालीनं बाटलीकडं पाहिलं. "दूध कुणाचं?"

"तांबडीचं," नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी प्रौढीही होती. "पहिल्या क्यानमधलं काढून आणतो. थेंबभर पाणी नाही."

म्हणजे पहाटे अंधारात बोटं फुंकत तिनंच काढलेलं. गाय मालकाची, धार तिची, ने-आण नवऱ्याची, हात सासूचे. सगळं काम घरच्या घरीच चाललं होतं. फक्त तिला कळवायचं राहून गेलं होतं.

"बाटलीचं समजलं," ती म्हणाली. "शाल कशाला?"

सासूनं शाल डोक्यावरून खांद्यावर घेतली. तिचे पांढरे केस विस्कटले होते आणि ती एकदम फार म्हातारी दिसली.

"तोंडात घेईचना," ती म्हणाली. "थुंकायचा. शाल घेतली तेव्हा घेतली त्यानं."

"हे कुणाला सुचलं?"

सासूनं मुलाकडे पाहिलं. मुलानं बाटलीकडे पाहिलं. "मी रोज बघतोच ना गोठ्यात," तो म्हणाला. "तू साहेबांना उभं करतेस ते. म्हटलं, बघू या. तुला सांगणारच होतो मी."

"कधी?"

"सुटल्यावर."

गुंडूचं पिऊन झालं. त्यानं बाटलीचं निपल सोडलं, तृप्त होऊन मान फिरवली आणि दारातल्या कोट घातलेल्या बाईकडं बघितलं. ओळखीचं हसला. शेजारणीकडं हसतो तसं.

धारवाली दाभण घेऊन परत गेली. दुसरं काय करणार होती, साहेब फुटले होते. ती त्यांच्याजवळ खाली बसली, नवा पेंढा कोंबला, कातड्याच्या दोन्ही कडा जुळवल्या आणि शिवायला लागली. बारीक, दाट टाके. दाभण एकदा अंगठ्यात शिरलं, तेव्हा तिनं बोट तोंडात घातलं आणि शिवत राहिली. मालक बघायला आला.

"छान. आता नाही फुटायचे. मग, उद्यापासून दुपारची धार धरतेस ना?"

"मी दुपारी घरी जाते. पोर पितं माझं."

मालक गोंधळला. "पितं कसं? तुझ्या नवऱ्यानं तर सांगितलं मागंच, की सुटलं म्हणून. तुला वाईट वाटतंय, चार दिवस कळ काढा म्हणाला. म्हणून मी थांबलो. नाहीतर दुसरी बाई बघितलीच होती."

तिनं सुतळी दातानं तोडली. मालकाचा राग यावा तर त्यानं थांबून उपकारच केले होते. सासूनं तर अंगावरून हात फिरवून काढा पाजला होता. सगळ्यांनी तिच्याशी इतकं चांगलं वागून केलं होतं, की भांडायला जागाच सापडेना.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं झोपलेल्या गुंडूला उचललं आणि निळ्या शालीत गुंडाळलं. सासू अंथरुणात उठून बसली.

"थंडीत कुठं नेतेस त्याला?"

"कामावर."

"अगं, गोठा आहे तो. पोर आजारी पडेल."

"गाईंची ऊब असते."

"सूनबाई," चिमणी पांघरुणातून म्हणाली, "शाल नको ना नेऊस. आईला लागते."

ती चालत निघाली. मागून नवरा गाडी घेऊन आला आणि तिच्या चालीनं शेजारून चालवत राहिला. रिकामे क्यान खडखडत होते. "बस ना गं आत," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "निदान त्याला तरी बसव." आणखी थोड्या वेळानं त्यानं हॉर्न वाजवला, सवयीनं. ती वळून न बघता कडेकडेनं चालत राहिली.

गोठ्यात मावशीनं कोरड्या पेंढ्याची जागा करून दिली. सकाळची धार झाली, तोवर गुंडू वैरणीत खेळला. मग त्याला भूक लागली. धारवालीनं कोट उघडला, तशीही बटणं नव्हतीच, आणि त्याला जवळ घेतलं. त्यानं तोंड लावलं, हुंगलं, आणि मान फिरवली. त्याला शेणाच्या वासाची बाई नको होती. तिनं समजावलं, गाल थोपटले, राजा म्हटलं, सोन्या म्हटलं. जसजशी बोलत गेली तसतसा तो जास्त रडला. त्याच्या रडण्यानं तिचा पान्हा फुटला. दूध सदऱ्यातून, कोटावरून खाली आलं, त्याचा गाल भिजला, हनुवटी भिजली. दुधानं ओलाचिंब होऊन तो भुकेनं किंचाळत होता.

"पोरी," मावशी म्हणाली, "वासावर जातात ती."

धारवालीनं कोट काढून खुंटीला टांगला. गुंडूच्या अंगाची शाल सोडली आणि डोक्यावरून घेतली. शालीला तिचा वास राहिलाच नव्हता. चुलीचा धूर होता, गुडघ्याला चोळायच्या मलमाचा वास होता, म्हातारीच्या केसांचा होता. आपलीच शाल पांघरताना तिला दुसऱ्याच्या अंगात शिरल्यासारखं झालं. ती वळली, भिंतीकडं तोंड करून बसली. पाठीला थोडा पोक काढला, सासूसारखा. आणि नाकातल्या नाकात सूर धरला, हुं-हुं, जरासा बेसूर.

गुंडूचं रडणं अडखळलं. हात चाचपडत वर आला आणि शालीच्या भोकात बोट गेलं. त्यानं तोंड लावलं. दोन घोट ओढले, धार बारीक वाटली म्हणून सोडलं, कुरकुरला. ती हुं-हुं करत राहिली. त्यानं पुन्हा धरलं. या वेळी सोडलं नाही. छातीतल्या गाठी कळवळून सैल होत गेल्या आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिनं नाक ओढलं नाही. सूर तुटला असता.

दुपार झाली होती. तांबडी ठाणावर तटून उभी होती. बाहेर मालकाच्या चपला वाजल्या.

"धारवाली कुठंय?" तो दारातून म्हणाला. "आणि ही म्हातारी कोण आणून बसवलीय इथं?"

मावशी खराट्यावर रेलली. "धारवाली दुपारची घरी जाते ना," ती म्हणाली. "पोराला पाजायला."

"सुटलं होतं ना ते?"

"धरलंय परत."

"मग ही कोण?"

मावशीनं खराटा परत चालवला. उत्तर धारवालीच्या जिभेवर आलं होतं. मी आई, एवढेच दोन शब्द. पण तिचा आवाज ऐकला असता तर त्यानं सोडलं असतं. तिनं ते गिळले, शाल आणखी पुढं ओढली आणि हुं-हुं जरा मोठ्यानं केलं.

समोर भिंतीला टेकून साहेब उभे होते. कोटाच्या बटणांनी तिच्याकडं बघत होते. पोटावरची शिवण पक्की होती, तिच्याच हातची.